शेवटच्या बाकावरून

वाचकहो, नुसती सुपारी हातात घेऊन ती आतून कशी आहे हे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. आम्ही दिवेआगरची माणसे पोफळीच्या सावलीत वाढलो. असोली सुपारी महिना-सव्वा महिना अंगणात उन्हात वाळवायची, मग सोलायची, आणि अडकित्त्यात धरून फोडली म्हणजे कळते, की आत गर आहे की किडीची भुकटी. वरून सगळ्या सारख्याच दिसतात.

गेल्या पौषात मी पडवीत अशीच सुपारी निवडत बसलो होतो. तेवढ्यात थायलंडहून नातीचा फोन आला. ती तिकडे एका शाळेत इंग्रजी शिकवते. एम.ए., बी.एड. आहे, इथे पाच वर्षे शिकवून मग गेलेली. एरवी ती फोनवर पहिल्यांदा वाडीची चौकशी करते. त्या दिवशी मात्र आवाज चिडलेला होता.

"आजोबा, आमच्या शाळेत एक नवा शिक्षक आलाय. युरोपातला आहे. इंग्रजी त्याचीही मातृभाषा नाही. पण गोरा आहे, म्हणून पालक खूश. त्याच्याकडे शिकवण्याची पदवीच नाही, असं सगळे शिक्षक बोलतात. माझे कागद चार वेळा तपासले, त्याचे कुणी बघितले की नाही देव जाणे. आणि पगार माझ्याहून जास्त! मी तक्रार करू का?"

मी म्हटले, "दोन दिवस थांब. मग सांगतो."

उत्तर टाळायचे म्हणून मी थांबायला सांगितले नाही. हाच प्रश्न पंचावन्नाहून अधिक वर्षांपूर्वी माझ्यापुढे आला होता, आणि तेव्हा मी चुकीचा वागलो होतो. ती हकिकत मी घरात कधी सांगितली नव्हती. नातीला सांगायची, तर आधी नीट आठवायला हवी होती. आता तुम्हालाही सांगतो, कारण आज खेड्यापाड्यांतल्या घरांतून मुले-मुली परदेशी नोकरीला जात आहेत, आणि असे प्रसंग त्यांच्यावरही येणार आहेत.

१९६८ साली मी पत्र्याची ट्रंक घेऊन इथिओपियाला गेलो. तेव्हा तिथे बादशहा हैले सेलासी यांचे राज्य होते. माध्यमिक शाळेत सगळे विषय इंग्रजीतून शिकवायचे आणि देशात शिक्षक अपुरे, म्हणून हिंदुस्थानातून करारावर शिक्षक नेत असत. १९७४ साली बादशहांची गादी गेली, पुढे पुष्कळ उलथापालथ झाली. तरी तिथली वयस्क माणसे आपल्या भारतीय शिक्षकांची अजून आठवण काढतात.

माझे गाव डोंगराळ मुलखात होते. शेती आपल्यासारखीच, बैलजोडी आणि लाकडी नांगर यांच्यावर. टेफ नावाचे मोहरीहूनही बारीक धान्य तिथे पिकते. त्याचे पीठ आंबवून मोठ्या तव्यावर घालतात, त्याला इंजेरा म्हणतात. मी तिला आंबोळी म्हणायचो आणि पोट भरून खायचो. कारळ्याची पिवळी शेते पाहिली, की क्षणभर आपल्याच घाटमाथ्यावर असल्यासारखे वाटे.

एक वर्ष नीट गेले. मग आमच्या शाळेत एक अमेरिकन तरुण आला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ साली 'पीस कोअर' नावाची संस्था काढली होती. तिच्यातर्फे तरुण मंडळी दोन वर्षांसाठी गरीब देशांत कामाला जात. १९६२ साली इथिओपियात त्यांची पहिली तुकडी आली. ती सुमारे पावणेतीनशे जणांची होती आणि त्यांतले बहुतेक शाळांतून शिकवायला गेले. त्यांना पगार नसे, खर्चापुरता भत्ता मिळे. पुष्कळांजवळ कॉलेजची पदवी असे, पण शिकवण्याचे शिक्षण म्हणजे निघण्यापूर्वीचे दोन-तीन महिन्यांचे शिबिर, तेवढेच.

आमच्याकडे आलेला बावीस-तेवीस वर्षांचा होता. त्याची पदवी इतिहासाची. त्याला इंग्रजीचे वर्ग दिले, आणि माझ्याकडचे वरचे दोन वर्ग काढून त्याला दिले. इथे माझ्या मनात ठिणगी पडली.

खरे सांगतो, पगाराचा प्रश्नच नव्हता. माझा पगार त्याच्या भत्त्याहून जास्त होता. मला लागले ते वेगळेच. मी बी.एड. झालेलो. माझी प्रमाणपत्रे मुंबईला तपासली, अदिस अबाबाला पुन्हा तपासली, शाळेत तिसऱ्यांदा पाहिली. आणि हा मुलगा इंग्रजी बोलणाऱ्या घरात जन्मला, एवढ्यावर वरचे वर्ग त्याला! आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोटी जन्मला म्हणून कोणी शेतीचा मास्तर होतो का?

शंका रास्त होती. आजही मी तसेच म्हणेन. मात्र पुढे मी जे केले, ते रास्त नव्हते.

मुख्याध्यापकांकडे जाऊन सरळ विचारण्याऐवजी मी शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू केली. "याला व्याकरण येत नाही. याच्याजवळ कागदच नाही." दोन-चार दिवसांत ते मुलांच्या कानी गेले. तिथली मुले वयाने मोठी, हुशार आणि परीक्षेला जिवाच्या आकांताने बसणारी. मैलोन् मैल चालत येत, शाळेजवळ खोली घेऊन चौघे-चौघे राहत. परीक्षा हुकली, की पुन्हा नांगर धरायचा, हे त्यांना पक्के ठाऊक. मुलगे माझ्याकडे येऊन विचारू लागले, "सर, नव्या सरांना काय विचारू?" आणि मी, हिंदुस्थानातून आलेला जबाबदार शिक्षक, त्यांना अवघड प्रश्न काढून देऊ लागलो.

एके दिवशी मी व्हरांड्यातून जात होतो. त्याच्या वर्गात एका मुलाने फळ्यावर वाक्य लिहिले होते : स्विमिंग इज गुड. "सर, यातलं 'स्विमिंग' क्रियापद की नाम? कारण सांगा." प्रश्न माझाच होता. त्या तरुणाने फळ्याकडे पाहिले. "असंच म्हणतात," एवढेच तो म्हणाला. वर्ग हसला. मागून कोणी तरी ओरडले, "प्रमाणपत्र दाखवा!" तो लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात निम्मी बाके रिकामी होती, आठवडा सरता सरता पाच-सहाच मुले उरली.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ती मुले वर्गात नव्हती म्हणजे माझ्याकडे होती असे नव्हे. ती कुठेच शिकत नव्हती. परीक्षा चार महिन्यांवर आली होती.

त्या रविवारी संध्याकाळी माझ्या दारावर थाप पडली. बाहेर तोच उभा. हातात वही. मला वाटले, भांडायला आला. तो म्हणाला, "मला व्याकरण येत नाही, हे खरं आहे. लहानपणापासून बोलत आलो, पण कारण कधी कुणी विचारलं नाही. मुलांचं नुकसान होतंय. तुम्ही मला शिकवाल का?"

वाचकहो, मारले असते तरी इतके लागले नसते. प्रश्न कोणाच्या डोक्यातून आला हे त्याला माहीत होते की नाही, ते मला शेवटपर्यंत कळले नाही. मीही कधी कबूल केले नाही. तेवढे धैर्य तेव्हा नव्हते.

मी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेलो. म्हटले, "यांची पात्रता पाहूनच वर्ग द्यायला हवे होते." ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत? आणि एक गोष्ट ऐका. तुम्ही आलात तेव्हा पालकांनी हेच तुमच्याबद्दल विचारलं होतं. हा माणूस 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एकच उच्चारतो, इंग्रजी याची मातृभाषा नाही, मग हा कसला शिक्षक? मी त्यांना तुमची प्रमाणपत्रं दाखवली नाहीत. मी तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसलो. चार दिवस."

मला ते दिवस आठवले. मला तेव्हा वाटले होते, साहेब दुपारचे डुलकी घ्यायला येतात!

पुढे त्यांनी नियमच केला. त्या तरुणाच्या वर्गात शेवटच्या बाकावर मी बसायचे, माझ्या वर्गात त्याने. मी पाहिले ते असे. त्याला कारणे सांगता येत नव्हती, हे खरेच. पण त्याच्या वर्गात मुले तोंड उघडत होती. चुकत होती, हसत होती, पण बोलत होती. माझी मुले कागदावर एक चूक करीत नसत, आणि कोणी रस्ता विचारला तर मान खाली घालत. मी तासाच्या तास एकटाच बोलत असे. हे मला कोणत्याही प्रमाणपत्राने सांगितले नव्हते.

रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात तो माझ्याकडे व्याकरण शिकला. मी वर्गात गप्प बसायला शिकलो. ते जास्त अवघड गेले. त्याचे वडील मका पिकवत, माझे सुपारी. मग गप्पा शेतीवर जात. मुले वर्गात परतली. तरीही परीक्षेचा निकाल काही डोळे दिपवणारा लागला नाही. काही मुले इंग्रजीत गेली. त्यांतला दोष थोडा त्याच्या अपुऱ्या तयारीचा आणि पुष्कळसा माझ्या कुजबुजीचा. माणूस मनाने चांगला असला म्हणून त्याची अपात्रता भरून निघत नाही. आणि आपली शंका खरी ठरली म्हणून आपली वागणूक चांगली ठरत नाही. या दोन गोष्टी मी तिथून बांधून आणल्या.

ही हकिकत मी नातीला सांगितली. मग व्यवहाराचे बोललो. तेही तुमच्यासाठी लिहितो.

पहिली गोष्ट : कागद खरा आहे का? खोट्या पदव्यांचा धंदा मोठा आहे. २०१५ साली कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट नावाच्या कंपनीचे बिंग फुटले. नसलेल्या विद्यापीठांच्या पदव्या ती जगभर विकत होती. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. मुलांना प्रवेश घेण्यापूर्वी ती पाहा. असा कागद कोणी वापरत असेल तर तिथे दयामाया नको. पण पुरावा हाती असावा, आणि तो शाळेच्या प्रमुखापुढेच ठेवावा. मूळ विद्यापीठाला पत्र घालून खात्री करून घेणे हे त्याचे काम.

दुसरी गोष्ट : कागद त्या कामाचा आहे का? थायलंडमध्ये परदेशी शिक्षकालाही तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना लागतो. ज्याच्याजवळ शिकवण्याची पदवी नाही, त्याच्यासाठी शाळा काही काळाची सवलत मागू शकते. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याजवळ परवाना नसला तरी तो लबाड असेलच असे नाही. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आपल्या मुलांचे कागदही पक्के करून पाठवा. २००५ सालापासून आपला देश अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पदवीवर आधी राज्य सरकारची साक्षांकनाची मोहोर, मग दिल्लीच्या परराष्ट्र मंत्रालयाची, असा क्रम असतो. करारात नसलेल्या देशासाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. एजंटाला पैसे देण्यापूर्वी तो १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते पाहा. मात्र एवढे लक्षात ठेवा : या मोहोरा सांगतात की सही खरी आहे. माणसाला काम येते की नाही, हे त्या सांगत नाहीत.

म्हणून तिसरी गोष्ट : काम येते का? त्याला शेवटच्या बाकावर बसण्यावाचून इलाज नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या वाड्या आडव्या झाल्या. नव्याने लावायला पोफळीची रोपे आणली. काहींना जातीची चिठ्ठी होती, काही शेजाऱ्याने आपल्या झाडाखालची उपटून दिलेली. चिठ्ठी पाहून घेतली हे बरोबरच केले. पण पाणी दोन्हींना सारखेच घातले, आणि कोणते रोप धरते ते रोज वाकून पाहिले. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. तोवर चिठ्ठी केव्हाच कुजून जाते.

पगाराबद्दल मी नातीला म्हटले, "तो तुझा हक्काचा प्रश्न आहे. तो तुझ्या कामावर माग, त्याच्या उण्यावर मागू नकोस. आणि गोरा म्हणून जास्त देत असाल तर तसं लिहून द्या, असं स्पष्ट विचार."

परवा तिचा पुन्हा फोन आला. ती दोन तास त्याच्या वर्गात मागे बसली होती.

"आजोबा, लहान मुलांना बरा शिकवतो. मोठ्यांच्या वर्गात गडबडतो. पण पदवीचं अजून विचारलं नाही. संकोच वाटतो."

"इतके दिवस सगळ्यांशी बोललीस तेव्हा नाही वाटला?" मी म्हटले. "आता त्यालाच विचार. सरळ, एकटीनं, चहा घेताना."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या विचारते."