पंप वाढवला

आमच्या दाजींनी ट्रॅक्टर कर्जावर घेतला आणि जामीनदार म्हणून मला उभं केलं. मी बँकेत कारकून. त्यामुळे सगळ्या नातेवाइकांच्या कर्जाला माझी सही लागते, सल्ला मात्र कुणालाच लागत नाही.

बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळी आटोपली की गावं रिकामी होतात. सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावपर्यंतच्या फडांकडे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली 'उचल' हंगामभर ऊस तोडून फेडायची. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांत माणसं, लेकरं, भांडी, कोपीचं सामान, शेळ्या. साहेबलोक गाडीमागे फिरतं घर ओढून सहलीला जातात म्हणे. आमच्याकडे अख्खा गाव ओढून कामाला नेतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी दाजी म्हणाले, "पाव्हणं, पंप वाढवून आणला!"

"म्हणजे हो?"

"मिस्त्रीनं डिझेलचा स्क्रू फिरवला. 45 घोड्यांचे 55 झाले बघा."

मी बी.कॉम. झालेला माणूस. दहा घोडे जमेला आले, तर नावे कुठे पडले, एवढंच मला कळेना. शेवटी खुद्द मिस्त्रीलाच गाठलं. तो म्हणाला, "डिझेल जास्त सोडलं की ताकद वाढते. पण ते जळायला हवा लागते, अन् ती हाय तेवढीच."

मला एकदम लग्नाची पंगत दिसली. वाढपी वाढतच सुटला, खाणारे तेवढेच. उरलेलं पत्रावळीत राहतं. इथे ते काळा धूर होऊन सायलेन्सरातून जातं. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 मध्ये यावर टर्बोचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पंखा फिरवायचा आणि इंजिनात जादा हवा कोंबायची. म्हणजे वाढप्याबरोबर खाणारेही वाढवले. आमच्या मिस्त्रीकडे ब्यूखी नव्हता, पाना होता.

मी टोळीबरोबर धारूरपर्यंत जायला निघालो. पुढच्या ट्रॉलीत माझी बहीण, मांडीवर भाचा. घाट लागला. एरवी इथे खालचा गिअर टाकतात. दाजींनी वरचाच ठेवला. एक जीप मागे टाकली. मागे काळा धूर, पुढे दाजींची ताठ मान.

अर्ध्या घाटात उष्णतेचा काटा लाल रेषेत गेला. रेडिएटरनं चहाच्या किटलीसारखी वाफ सोडली आणि 55 च्या 55 घोडे एकदम बसले.

ट्रॅक्टर थांबला, ट्रॉल्या थांबायला तयार नव्हत्या. मिस्त्रीनं ओढायची ताकद वाढवली होती, ब्रेक जुनेच होते. ते फक्त ट्रॅक्टरला, ट्रॉल्यांना नव्हतेच. दाजी दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभे राहिले, तरी चाकं इंचाइंचानं मागं सरकू लागली. मागे दरी. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

बहिणीनं मात्र उडी टाकली. एका हातात लेकरू, दुसऱ्या हातात दगड. तिनं तो चाकामागे सारला. मग सगळ्या बायाबापड्यांनी दगड आणले. ट्रॉल्या थांबल्या. कुणी काही बोललं नाही. भाचा तेवढा रडायला लागला, तेव्हा आम्हाला श्वास घ्यायची आठवण झाली.

हेड गॅसकेट गेलं होतं. दुरुस्तीच्या पैशासाठी दाजींनी मुकादमाकडून आणखी उचल घेतली. तेव्हा मला नावे बाजू सापडली. पंप वाढवणं म्हणजे इंजिनानं घेतलेली उचलच. तीही फेडावीच लागते.

मिस्त्रीनं स्क्रू मुकाट्यानं पूर्वीच्या जागी नेला. पैसे मात्र दोन्ही वेळचे घेतले.

तो दगड बहिणीनं ट्रॉलीत टाकून घेतला. अजून आहे. दसऱ्याला ट्रॅक्टरच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. कागदावर सही माझी असली, तरी त्या घराचा खरा जामीनदार तोच.