नावाचे पैसे

आमच्या आईच्या फडताळात पाच डबे असत. दोन ओव्हल्टिनचे, दोन बिस्किटांचे आणि एक पत्र्याचा, ज्यावरचे चित्र आम्हां भावंडांच्या जन्माआधीच पुसले गेले होते. त्यांतल्या पैशांना नावे होती. दुधाचे, वाण्याचे, फीचे, आल्यागेल्याचे आणि तो बिनचित्राचा डबा अडीअडचणीचा. महिनाअखेरीस वाण्याचा डबा खडखडला आणि दुधाचा भरलेला असला, तरी आई एकातले दुसऱ्यात कधी घालीत नसे. वडील हिशेबनीस. ते हसून म्हणत, "अगं, रुपया तो रुपया. त्याला कुठे ठाऊक, तो दुधाचा की मिठाचा!" आई उत्तर देत नसे. डब्याचे झाकण तेवढे जरा जोराने लागे.

हे डबे मला पुन्हा आठवले ते थेट लेस्टरला, अक्काच्या स्वयंपाकघरात, २०२४ च्या दिवाळीत.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९७६ साली लग्न होऊन ती विलायतेला गेली आणि तिथल्या एका होजिअरीच्या कारखान्यात शिलाईयंत्रावर बसली. दाजी गेल्याला आता काही वर्षे झाली. मुलगी कॅनडात. अक्का एका चिंचोळ्या, दुमजली, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेल्या घरात एकटी राहते. मी गेलो तेव्हा बेलग्रेव्ह रोडवर दिव्यांची रोषणाई झाली होती, मिठाईच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नव्हती. परदेशात आहोत असे वाटूच नये. घरात शिरलो, सवयीने कोट काढला आणि दोन मिनिटांत मुकाट्याने पुन्हा अंगात घातला.

अक्काने दाजींचा स्वेटर घातला होता. त्यावर तिचा स्वतःचा. मांडीवर गरम पाण्याची रबरी पिशवी. बाकीच्या खोल्यांची दारे बंद करून ती सारा दिवस स्वयंपाकघरातच काढी. ओट्याशेजारी गॅस-विजेचा खर्च पेन्सांत दाखवणारे एक चिमुकले यंत्र होते. चहाला पाणी ठेवले की त्यातला आकडा वाढे आणि अक्काची नजर तिकडे जाई, परक्या घरी आलेले मूल यजमानाच्या तोंडाकडे पाहते तशी.

"घर एवढं गार कसं गं?"

"अजून थंडी कुठं पडलीय? डिसेंबरात लावीन."

मग हळूहळू उलगडा झाला. ब्रिटनमध्ये वृद्धांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी सरकारकडून एक रक्कम मिळते. गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री असताना, १९९७ साली ही पद्धत सुरू झाली. आरंभी बहुतेकांना फक्त २० पौंड मिळत, २००० साली ते २०० झाले. पुढे ऐंशी वर्षांवरच्यांच्या घराला ३०० मिळू लागले. अर्ज नाही, विनंती नाही. वय झाले की नोव्हेंबर-डिसेंबरात पैसे आपोआप खात्यात येत. अक्काला असे चार हिवाळे मिळाले. महागाईच्या दोन वर्षांत त्यात आणखी ३०० ची भरही पडली होती.

"सरकारचं पत्र आलं की मी बटण दाबायची," अक्का म्हणाली. "पत्र नाही, तर बटणाकडे हातच जात नाही बघ."

मी हसलो, पण हसण्यासारखे त्यात काही नव्हते. हे पैसे रोख येतात. त्यांचे कोणी काहीही करावे, नातवाला सायकल घ्यावी की मद्य प्यावे, विचारणारे कोणी नाही. तरीही लंडनच्या 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या संस्थेने तपासले तेव्हा दिसले, की म्हातारी माणसे त्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक खरोखरच इंधनावर खर्च करतात. हीच रक्कम नुसती पेन्शनवाढ म्हणून आली असती, तर त्यातले शेकडा तीनच्या आसपास इंधनाकडे गेले असते. फरक फक्त नावाचा! हे वाचून मला आमच्या वडिलांची आठवण झाली. असते, तर त्यांना हा कागद दाखवला असता.

जुलै २०२४ मध्ये नव्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी जाहीर केले, की इंग्लंड-वेल्समध्ये यापुढे ही रक्कम फक्त पेन्शन क्रेडिट किंवा तशी दुसरी गरजूंची मदत घेणाऱ्या वृद्धांनाच मिळेल. १० सप्टेंबरला पार्लमेंटात ३४८ विरुद्ध २२८ मतांनी ते कायम झाले. सुमारे एक कोटी लोकांचे पैसे थांबले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. लक्षाधीशांनाही ही रक्कम मिळे, आणि २०१५ पर्यंत तर स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हात पहुडलेल्या इंग्रज म्हाताऱ्यांनाही थंडीचे पैसे पोचत! पण श्रीमंतांना गाळायला जी चाळण लावली, तिची भोके फार बारीक होती.

ते आम्ही दोघांनी एका संध्याकाळी टेबलावर बसून पाहिले. पेन्शन क्रेडिटचा अर्ज २१ डिसेंबरपर्यंत केला असता, तर त्या हिवाळ्याचे पैसे मिळणार होते. अर्जात दोनशेहून अधिक प्रश्न. अक्का आधी तयारच नव्हती. "आयुष्यभर कुणापुढं हात पसरला नाही," एवढेच तिचे पालुपद. शेवटी माझ्या आग्रहाखातर चष्मा लावून बसली. एकट्या माणसासाठी मर्यादा आठवड्याला २१८.१५ पौंड. अक्काची सरकारी पेन्शन आणि कारखान्याची चिमूटभर मिळून होत होते २११.४०. मला आनंद झाला. मग प्रश्न आला बचतीचा.

"बचत नाही," अक्का म्हणाली.

"काहीच नाही?"

"एका खात्यात साडेचौदा हजार आहेत. पण ती बचत नव्हे. ते माझ्या शेवटाचे आहेत. लेकीला कर्ज काढून विमानानं यावं लागू नये आणि माझं सगळं रीतसर व्हावं म्हणून."

दहा हजारांवरच्या दर पाचशे पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरावे, असा तिथला नियम. म्हणजे नऊ. एकूण २२०.४०. सव्वादोन पौंडांनी माझी बहीण श्रीमंत ठरली.

"त्यातले चार हजार इकडेतिकडे कर ना," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले मात्र, आणि ते झाकण लागल्याचा आवाज मला पन्नास वर्षांपलीकडून ऐकू आला.

लेकीकडून ती घेत नाही. मी देऊ केले तर म्हणाली, "तू पाहुणा, तुझ्याकडून घेऊ होय?" उतारवयात थंड घरात बसणे म्हणजे नुसते कुडकुडणे नव्हे. थंडीने रक्तवाहिन्या आखडतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण पडतो. तिकडचे डॉक्टर घर निदान अठरा अंशांवर ठेवा म्हणून सांगतात. हे सगळे मी तिला सांगितले. तिने ऐकले आणि पिशवीत नवे गरम पाणी भरले.

३ नोव्हेंबरला रविवारी भाऊबीज होती. तिने मला पाटावर बसवले, ओवाळले. तबकात मी एक पाकीट ठेवले. आत २०० पौंड, आणि पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले होते: 'थंडीचे'.

"एवढे?"

"ओवाळणी परत देतात का अक्का?"

तिने निरांजनाच्या उजेडात ती अक्षरे वाचली. बराच वेळ काही बोलली नाही. डोळे मात्र पदराने टिपले आणि निरांजनाच्या धुराला नावे ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती भिंतीतल्या नळ्या तडतडत होत्या म्हणून. पाणी तापून घरभर फिरू लागले होते.

जानेवारीत तिने फोनवर त्याच पाकिटाच्या पाठीचे छायाचित्र पाठवले. तारखा, तास, पेन्स, शिल्लक. शेवटी एक ओळ: 'यातून दूध-भाजी काही आणलेलं नाही.'

जून २०२५ मध्ये सरकारने माघार घेतली. वर्षाला ३५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्या साऱ्या वृद्धांना पैसे पुन्हा मिळतील आणि त्याहून अधिक असलेल्यांकडून ते करातून परत घेतले जातील, असे ठरले. अक्कासारख्यांना अर्जही लागणार नव्हता. त्या वर्षीची ओवाळणी मी पुण्याहून बँकेतून पाठवली. नोव्हेंबरात एका रात्री तिचा फोन आला. आवाज कोवळा, लहानपणी परीक्षेचा निकाल सांगायची तसा.

"सरकारचं पत्र आलं हं! बटण दाबलं."

"छान झालं."

"आणि काय रे, यंदा तुझ्या ओवाळणीवर काही नाव लिहिलेलं नाही."

"बँकेतून पाठवताना कुठं लिहायचं?"

"मग मी साडी घेऊ त्याची?"

मी म्हटले, "घे की." मागे पुन्हा नळ्या तडतडत होत्या. साडीचा रंग कोणता घ्यावा, यावर आमचे पुढे पाऊण तास बोलणे झाले.