वारूळ

सेमिनरीत आम्हांला शिकविणारे एक वृद्ध युरोपीय फादर पावसाळा लागला की मायदेशातील पाइन वृक्षांच्या वनांची आठवण काढीत. त्या वृक्षांखाली उगवणारी, चिरताच केशरी चीक गाळणारी अळंबी ते बालपणी टोपलीभर वेचीत. "ती पाइनच्या मुळांशी बांधलेली. झाड गेले की तीही गेली," असे ते म्हणत.

त्या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला. कळमनुरी तालुक्यातील एका वस्तीत प्रार्थनेसाठी खोली बांधायची होती. अंगणाच्या जागी एक जुने वारूळ होते. साप निघेल या भीतीने मी ते खणून सपाट करविले. पुढल्या पावसाळ्यात शेजारची एक आजी रिकामी टोपली घेऊन आली. म्हणाली, "फादर, इथं दरसाल अळंबी निघायची. लेकरांना दोन दिस कोरड्यास पुरायचं."

वारुळातील वाळवी पोटातून गेलेल्या काडीकचऱ्यावर बुरशीची बाग जोपासते. पावसात त्याच बुरशीची अळंबी होऊन जमिनीवर येते. वाळवीला साधलेली ही शेती मनुष्याला अद्याप साधलेली नाही. मी नांदेडहून बटन मशरूमचे पाकीट आणून आजीला दिले. तिने ते मुकाट्याने घेतले.

आज त्या खोलीत नित्य प्रार्थना होते. परंतु पहिला पाऊस पडला की माझी दृष्टी वेदीआधी अंगणातील त्या सपाट जमिनीकडे वळते.