फोटो कुणाचा?

पहाटे साडेपाचला सांगवी फाट्यावर कंपनीची बस येते. नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. आधी मी वाटेत मोबाइलवर लाइनच्या कामाची काहीबाही टिपणं काढायचो. आता हेडफोन लावून डोळे मिटतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोल्टचा ट्रे पाठीमागे असायचा, प्रत्येक पार्टला वळावं लागायचं. ट्रे समोर घ्या, असं चित्र काढून कायझेनच्या पेटीत टाकलं. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी ट्रे समोर आला. बोर्डावर फोटो सुपरवायझरचा. विचारलं, तर म्हणाले, "अरे, तू कॉन्ट्रॅक्टवर. तुझं नाव सिस्टिममध्ये बसत नाही."

भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलो, टार्गेट पूर्ण केलं. फक्त लक्ष घालणं सोडलं.

अमेरिकी संशोधक विल्यम कान यांनी १९९० साली मांडलं होतं, की माणूस कामात जीव ओततो त्याला तीन गोष्टी लागतात: कामाला अर्थ, बोलण्याची मोकळीक आणि अंगात उरलेली ताकद. माझ्या अंगात ताकद होती. बाकीच्या दोन त्या बोर्डाखाली राहिल्या.

गेल्या आठवड्यात मशीनचा आवाज बदलला. नवीन पोरगा म्हणाला, "दादा, बेअरिंग जातंय वाटतं. सांगू का?"

मला आधीच कळलं होतं. तरी म्हणालो, "तू तुझं काम कर."

त्याने मान खाली घातली. परतीच्या बसमध्ये हेडफोन लावले, पण डोळे मिटले नाहीत.