जामीनदार क्रमांक दोन

पाचवीत असताना मी अण्णांची सही हुबेहूब करायला शिकलो. प्रगतिपुस्तकावर ती करायचं धाडस कधी झालं नाही; वहीच्या मागच्या पानावर मात्र भरपूर गिरवली. अण्णा शिक्षक होते. संध्याकाळी कुणी ना कुणी पतसंस्थेचा अर्ज घेऊन ओसरीवर बसलेलं असायचं. चहा व्हायचा, अण्णा पेनाचं टोपण काढायचे आणि ‘जामीनदार क्रमांक दोन’ या रकान्यात ती झोकदार सही उमटायची. समोरच्याचा चेहरा खुलायचा. मोठं होणं म्हणजे हेच, असं मला वाटायचं.

नोकरीला लागलो आणि तो रकाना माझ्याकडे आला. आमच्या पगारदारांच्या पतसंस्थेत दोन जामीनदार लागत. “तुम्ही काही नाही म्हणणार नाही,” एवढं कुणी म्हटलं की माझा हात खिशातल्या पेनाकडे जायचा. अर्जावरचा बारीक मजकूर मी कधी वाचला नाही. वाचणाऱ्याला आमच्याकडे संशयी समजत.

मग शेजारच्या टेबलावरच्या मित्राचे हप्ते थकले आणि माझ्या पगारपत्रकात एक नवी कपात दिसली. तेव्हा वाचला. करार कायदा १८७२चा. त्याचं कलम १२८ सांगतं की, वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडे जा’ असं म्हणायचीही सोय नव्हती. बायको एवढंच म्हणाली, “भीड भिकेची बहीण.” शाळेत पाठ केलेली म्हण अशी घरी मुक्कामाला आली.

पैसे गेले ते गेले. खुपलं दुसरंच. कर्ज कशासाठी, हे मी त्याला विचारलंच नव्हतं. जुनं फेडायला नवं, असं त्याचं तिसऱ्यांदा चाललं होतं आणि घरी कुणाला पत्ता नव्हता. माझ्या सहीमुळे घरी सांगायची वेळ त्याच्यावर आली नाही. त्याची अडचण सोडवली म्हणून मी खुशीत. नकार देताना जीव गुदमरतो, त्यातून सुटका मात्र माझी झाली होती. अण्णांचंही असंच असेल का? आई महिनाअखेरीला डबे हलवून का पाहायची, हे मला पन्नाशीत कळलं.

गेल्या महिन्यात पुतण्या आला. “काका, फक्त सही हवीय.”

“सही नाही करणार. हप्ते कुठून भरशील, ते मांडायला मात्र आत्ता बसू.”

तो गप्प. मीही. पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे हे तोवर कधी जाणवलं नव्हतं. चहावर साय धरली. शेवटी “बघतो” म्हणून त्याने अर्जाची घडी घातली. चपला घालताना वर पाहिलं नाही.

तो गेल्यावर बायकोने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि न बोलता माझ्यापुढे धरलं. बोलता बोलता मी समासात पाच सह्या करून ठेवल्या होत्या.