जुनं पेट्रोल

रविवार. दुपारी भोपाळच्या अरेरा कॉलनीत सर आली आणि वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, तरी काकांनी गॅरेजमधला पेट्रोलवरचा जनरेटर पुढे ओढलाच. 2003 च्या निवडणुकीत ‘बिजली, सडक, पानी’ गाजलं, त्या अंधाऱ्या काळातली ही खरेदी.

दोरी ओढली, नुसती फुसफुस. प्लग काढला तर कोरडा ठणठणीत. म्हणजे ठिणगीचं नंतर बघू, आधी पेट्रोलच पोचत नाहीये. पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा थर उरतो. कार्बोरेटरच्या जेटचं बारीक भोक पहिलं बुजतं. शिवाय आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओलावा ओढतं. काकांचा जुना नियम मला पटतो: ठेवण्याआधी कॉक बंद करायचा आणि इंजिन आपणहून थांबेपर्यंत चालू द्यायचं. पण गेल्या हिवाळ्यात मशीन भाडेकरूकडे होतं. त्याला हे कोण सांगणार!

जेट साफ झाल्यावर इंजिन धडधडलं. शटर उघडं असल्याने काका ते आतच ठेवणार होते.

“अहो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आधी अंगणात न्या,” काकू म्हणाल्या.

पंखे कधी जोरात, कधी संथ. 50 हर्ट्झसाठी या इंजिनाचे मिनिटाला 3000 फेरे टिकायला हवेत. गव्हर्नरची स्प्रिंग बघावी लागेल. तेलही काळं पडलंय. उद्या दहा नंबर मार्केटमध्ये चक्कर.