मेळघाटातला काळा दगड अन् आपलं मुरमाड वावर



मागच्या आठवड्यात नंदनवनातून पहाटेच निघालो अन् अमरावती, परतवाडा करत मेळघाटात सेमाडोहला गेलो. पोराला वाघ पाहायचा होता. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यातला हा एक. त्याच्या पोटातच गुगामल राष्ट्रीय उद्यान. वाघ काही दिसला नाही. पण घाटात जे दिसलं ते लिहून ठेवतो.

रस्त्यासाठी डोंगर कापला तिथं काळ्या दगडाचे थरावर थर. हा सारा लाव्हा. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहत आला, थिजला, वरून पुन्हा दुसरा आला. म्हणून तर आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. माझं काटोलकडचं वावरही याच दगडावर आहे.

त्या कापलेल्या कडेला दगडावर मुरूम, मुरमावर जेमतेम वीतभर माती. अन् त्यावर उभे सागवान, धावडा, ऐन, तेंदू, बांबू! मुळ्या थेट दगडाच्या भेगांत.

माझ्या वरच्या दीड एकरातही मुरूम अन् वीतभरच माती. तिथली संत्र्याची चाळीस झाडं सल होऊन वाळली, तेव्हा 'जमीनच खराब' म्हणून तो तुकडा विकायला काढला. मग इथं कसं जगते झाड? रस्त्याकडेला खाली बसून पाहिलं. वर पाचोळा, त्याखाली कुजलेला भुगा, त्याखाली ओल. पावसाचा थेंब मातीवर पडतच नाही, पाचोळ्यावर पडतो.

अन् मी? वीस वर्षं दर उन्हाळ्यात कुटार, तुराट्या, पालापाचोळा सारं धुऱ्यावर पेटवलं. उताराची उघडी माती पाण्यासंगं नाल्यात गेली. जमीन खराब नव्हती, म्याच तिला उघडी पाडली.

यंदा ठरवलं आहे:
– वावरात काडी लावायची नाही.
– पेरणी उताराला आडवी.
– कुटार अन् पाचोळा झाडांच्या आळ्यात, खोडापासून थोडा दूर.
– पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी राहते, तिचा ढीग लावायचा नाही. बारीक करून खड्ड्यात कुजवायची.

जंगलासारखी माती एका वर्षात होत नाही, हे समजतं. पण तुकडा विकायचं तूर्त थांबवलं.

मुरमाड जमिनीत कोणी असं करून पाहिलं असेल तर सांगा बाप्पा, फरक किती वर्षांनी दिसला?